बाँबवाडीचा चाकवत

गेल्या जूनमध्ये माझ्या नातीनं, ईशानं, मला हाताला धरून त्या पत्र्याच्या कुंपणापाशी नेलं आणि म्हणाली, "आजी, इथे डोळा लाव." पत्र्याला दोन बोटांची फट होती. मी चष्मा काढला, डोळा लावला, आणि काही दिसायच्या आधी मला वास आला. भिजलेल्या विटांचा, जुन्या चुन्याचा, आणि त्यांच्यावर ताण करणारा एक हिरवा, पिठूळ वास. चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी भुकटी असते ना, रांगोळीची बोटं पुसल्यासारखी, तिचा. तुम्ही म्हणाल, भुकटीला कसला आलाय वास? ज्यांनी लहानपणी घेतलाय त्यांना विचारा.

"आजी, तू रडते?"

"रडत नाही गं. ओळख पटवतेय."

इथे परवापरवापर्यंत फ्लॅट होते, उंच, करड्या रंगाचे, भिंतीतून पाणी झिरपणारे. ते पाडले, आणि दोन वर्षं जागा आभाळाकडे बघत पडली. तेवढ्यात खालचं सगळं वर आलं. पुरुषभर उंच जांभळट-गुलाबी तुरे, आणि त्यांच्या पायाशी गुडघाभर चाकवत, इतका दाट की कुणी पेरलाय असं वाटावं.

पेरलाच होता. मी पेरला होता. आणि प्रेमानं नव्हे, एवढं आधीच सांगून टाकते. मी तशी बरी बाई आहे, गल्लीत कुणालाही विचारा, आजाऱ्याला खिचडी नेऊन देते, बसड्रायव्हरला थँक्यू म्हटल्याशिवाय उतरत नाही. पण एक डूख मी साठ वर्षं धरून आहे. लोक लोणचं मुरवतात तशी मी ती मुरवली.

आम्ही इथे आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा मुंबईच्या गोदीत फिटर होते, ते इकडच्या गोदीत आले आणि मागून आईला आणि मला बोलावलं. गावाचं नाव ऐकून आई धक्क्यावर घ्यायला आलेल्या बाबांना म्हणाली होती, "हल? अहो, गावच म्हणतंय हल इथून, आणि आपण बसायला निघालोय."

आमची विटांची एकसारख्या घरांची ओळ जिथे संपायची तिथून पुढे काहीच नव्हतं. म्हणजे पूर्वी होतं. पुढची अख्खी ओळ लढाईत जर्मन बाँबनं गेली होती. लढाई संपून वीसेक वर्षं झाली तरी ते तसंच पडून होतं: विटांचे ढीग, अर्ध्या पायऱ्या, पाणी भरलेली तळघरं. मुलं त्याला 'बॉम्ब्ड बिल्डिंग' म्हणायची. आईच्या जिभेवर ते बसेना. तिनं त्याचं नाव ठेवलं बाँबवाडी. जणू कुणाची आमराई.

एक उभी भिंत राहिली होती. तिच्यावर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक शेगडी लटकलेली, निळ्या टाइलांची, तिच्याखाली जमीनच नाही. शेगडीच्या बाजूला भिंतीचा फुलाफुलांचा कागद, पावसानं सालटं निघालेला, तरी त्यातली एक फुलांची परडी शेवटपर्यंत टिकली होती. मी त्या शेगडीकडे बघत बसायची आणि मनात तिथे मजला घालायची, मजल्यावर खुर्ची, खुर्चीवर मांजर. ऑगस्ट आला की तुऱ्यांचा कापूस सुटायचा. आपल्याकडे जिला म्हातारी म्हणतात तसल्या हजार म्हाताऱ्या हवेत, आणि त्या बरोबर वर जाऊन त्या शेगडीत शिरायच्या, जणू तिथूनच त्यांना धुराड्यातून घरी जायचं होतं. वाऱ्याला मासळीच्या गोदीचा वास असायचा, आणि वारा फिरला की कोको दळणाऱ्या गिरणीचा. खारट आणि कडू-गोड. तसा वास मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

आणि तिथे आईला चाकवत सापडला. पहिला हिवाळा आम्ही कोबी आणि बटाट्यावर काढला होता. आई सातारची, पालेभाजीशिवाय तिचं जेवण म्हणजे तोंड धुणं. मे महिन्यात ती विटांच्या ढिगाशी थबकली, खाली बसली, पान चुरडलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं हिला माहेरचं माणूस दिसलं. त्या दिवशी दूध मुद्दाम नासवून तिनं ताकासारखं काहीतरी केलं, पक्ष्यांचे दाणे विकणाऱ्या दुकानातून शेंगदाणे आणले, लसणाची फोडणी दिली. बाबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

शेजारच्या घरात मिसेस ओल्डरॉइड राहायच्या. हाडकुळ्या, ताठ. मागच्या दारापुढे गुलाबांचा वाफा, इतका नेटका की मधमाशीसुद्धा पाय पुसून येत असेल. दर रविवारी चर्चहून येताना त्या हॅट घालून बाँबवाडीत जायच्या आणि त्या लटकत्या शेगडीखाली पाच मिनिटं उभ्या राहायच्या. का, ते आम्हाला कळत नव्हतं. त्यांची मुलगी मॉरीन माझ्या वर्गात होती. तिनं मला दोरीवरच्या उड्या शिकवल्या, मी तिला सागरगोटे. विटांचे तुकडे घासून गोल केलेले आमचे सागरगोटे तिच्या एप्रनच्या खिशात खडखडायचे. शाळेत कुणी माझ्या वेणीला हात लावला की मॉरीन आधी चावायची आणि मग विचारायची.

आता ऐका. जूनची दुपार. आईला सातवा महिना, माझा भाऊ पोटात. हिरव्या लुगड्यावर बाबांचा कोट, पदराच्या ओट्यात चाकवत. मिसेस ओल्डरॉइड समोरून आल्या, थांबल्या, आईच्या पोटाकडे, म्हणजे ओट्याकडे बोट केलं, आणि म्हणाल्या, "फॅट हेन, दॅट." आणि हसल्या.

आईनं मला विचारलं, "काय म्हणाली गं?"

शाळेत जाऊन मला नऊ महिने झाले होते. इंग्रजीचा मला भारी तोरा. मी म्हटलं, "आई, ती तुला जाडी कोंबडी म्हणाली."

आईच्या हातातून पान पडलं नाही. तिनं ओटा नीट खोचला. मिसेस ओल्डरॉइडकडे पाठ केली आणि चालताना हळूच म्हणाली, "कोंबडी तर कोंबडी. चोच असते म्हणावं कोंबडीला."

त्या दिवसापासून बोलणं बंद. तिचं, माझं, मॉरीनचं, सगळ्यांचं. मॉरीन दाराशी येऊन उभी राहायची, दोरी हातात. मी आतून कडी लावायची. असं किती दिवस केलं मी? बरेच. एके दिवशी ती आली नाही.

मग काही आठवड्यांनी पाठीवर टाक्या बांधलेली माणसं बाँबवाडीत आली आणि फवारत सुटली. कुणी पाठवली, आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. मी खिडकीतून बघत होते. मिसेस ओल्डरॉइड घरातल्या चपला घालूनच धावत बाहेर आल्या, त्या माणसांना बोट दाखवून काही बोलत होत्या. इकडे दाखव, तिकडे दाखव. आई माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "बघितलंस? तीच सांगतेय कुठं कुठं मारायचं ते." संध्याकाळपर्यंत चाकवत काळा पडला, शेंडे मान टाकल्यासारखे वाकले. रॉकेलमध्ये काहीतरी कुजावं असा वास तीन दिवस घरात होता. आईनं खिडक्यांना ओले टॉवेल लावले. पोटावर हात ठेवून बसून राहायची.

भिंतीच्या कोपऱ्यात एक झाड फवाऱ्यातून वाचलं होतं. आईनं ते बीवर येऊ दिलं. कस्टर्डच्या रिकाम्या डब्यात बी भरून ठेवलं, काळं, खसखशीहून जरासं मोठं. आणि पुढच्या पाडव्याला, म्हणजे झाडूच्या दांड्यावर खणाची गुढी उभी करून झाली, कडुनिंब नाही म्हणून डँडेलियनची पानं ब्राउन शुगरबरोबर चावून झाली, की आईनं तो डबा माझ्या हातात दिला. "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे," म्हणाली. "जा. मूठभर टाकून ये."

मागच्या गल्लीला इथे टेनफूट म्हणतात. तिथून भिंतीवर चढलं की मिसेस ओल्डरॉइडच्या वाफ्यापर्यंत मूठ बरोबर जायची. गुलाबांच्या मुळाशी. मी टाकली. खरं सांगू, इतकं बरं वाटलं! जून आला आणि मिसेस ओल्डरॉइडच्या नेटक्या वाफ्यात चाकवत उठला. त्या गुडघ्यांवर बसून तो उपटायच्या. उपटून चाळणीत टाकायच्या. आई पडद्याआडून बघायची. "वेडी बाई. तण कुणी चाळणीत गोळा करतं का?" आणि पुढच्या पाडव्याला परत मूठ. त्याच्या पुढच्या पाडव्याला परत. आमच्याकडे सणाला पुरणपोळी कधी चुकली असेल, ही मूठ नाही चुकली. मी कॉलेजला जायला लागले तरी स्कर्ट सावरून भिंतीवर चढत होते.

मग कधीतरी लोकांना घरं हवीत म्हणून बाँबवाडी सपाट झाली. आमची राहिलेली ओळही पाडली, ती निळी शेगडीसुद्धा एका दणक्यात गेली, आणि फ्लॅट उभे राहिले. आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे घर मिळालं, ओल्डरॉइडांना तीन. आई गेली, मिसेस ओल्डरॉइड गेल्या. मॉरीन आणि मी उरलो. एकाच बसस्टॉपवर उभ्या राहतो, तोंडं दोन दिशांना. नीट बघायचं तर तिनं कधी माझं वाईट केलं नाही. पण डूख असा हिशेब विचारत नाही. आणि मातीइतकी डूख धरणारं तर दुसरं काहीच नाही. आमच्या मुठींवर त्यांनी काँक्रीट ओतलं, तरी तिनं बी जपून ठेवलं.

तर आता त्या जागेचा प्लॅन आला. एका बाजूला घरं, एका बाजूला निसर्ग, मधे गाड्यांना जागा. कागदावर छान दिसायचं. निसर्ग म्हणजे काय, तर आत्ता जे उगवलंय ते खरवडून काढायचं आणि सतरंजीसारखी गुंडाळलेली फुलांची हिरवळ आणून अंथरायची. एकच पट्टा ठरायचा होता, जिथे पूर्वी ती शेगडीची भिंत होती तिथला. तिथे घरांची ओळ घालायची की रान ठेवायचं, हे शेजाऱ्यांनी सांगावं. चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग, हात वर करून मत, आणि ते मत पाळू असं प्लॅनवाल्या मंडळींनी लिहून दिलेलं.

मॉरीन घरांच्या बाजूनं उभी राहिली. झालं, मी रानाच्या.

मी घरोघर सह्या घेत फिरले. गुडघे दुखतात, तरी. एका फाटकाशी मॉरीन समोर आली, तिच्याही हातात कागद.

"तुझा गवताचा ना?" ती म्हणाली.

"तुझा विटांचा ना?"

तिनं कागद खाली केला. मग म्हणाली, "त्या पट्ट्यात चौदा नंबर होतं. माझी आजी त्यात गेली, शेगडीशी बसलेली. सगळे म्हणतात लढाई संपली. चौदा नंबरात कुणीतरी किटली ठेवेपर्यंत माझ्या आईसाठी संपलेली नाही."

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो ते हे. रविवारी हॅट घालून त्या कशाखाली उभ्या राहायच्या ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी काय बोलले सांगू? मी म्हटलं, "रानाला किटली लागत नाही, मॉरीन." आणि घरी येऊन आरशात बघून स्वतःशी हसले. आठवडाभर मला ते वाक्य पुरलं.

ईशा म्हणाली, "आजी, तुझी राग अजून किती दिवस?"

"तुझा राग," मी म्हटलं.

"माझा नाही गं, तुझी!"

मीटिंगला हॉल भरलेला. चहाचं मोठं भांडं, कस्टर्ड क्रीमची बिस्किटं, प्लॅनवाल्यांचा लॅपटॉपवाला एक हसरा माणूस. सह्यांचा कागद माझ्या पिशवीत. खुर्च्यांवर एकेक पत्रक ठेवलेलं, जागेवर काय काय उगवलंय त्याचं, फोटोंसकट. माझा वाचायचा चष्मा घरी राहिला होता. ईशा वाचायला लागली. "रोझबे विलोहर्ब, ते पर्पलवालं. बडलिया. थिसल. फॅट हेन..."

"काय म्हणालीस?"

"फॅट हेन. हे बघ, तुझा भाजी."

तिनं बोट ठेवलं. फोटोत चाकवत होता.

तुम्हाला वाटेल, साठ वर्षं इथे राहून हिला साधं नाव माहीत नव्हतं? नव्हतं हो. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं त्याचं दुसरं नाव कोण विचारतं? आमच्या घरी तो चाकवत होता. मी त्या फोटोकडे बघत राहिले आणि मला ते बोट दिसलं, आईच्या पोटाकडे नव्हे, ओट्याकडे केलेलं. मला एकदम थंडी वाजली. ईशानं शाल घातली.

मॉरीनचा नंबर आधी. ती माईकशी गेली, कागद न बघता बोलली. रेशनच्या दिवसांत तिची आई चौदा नंबरच्या विटांत उगवलेला फॅट हेन खुडून आणायची. स्वतःच्या आईच्या घराच्या जागेवरचा. लोणी लावून, वर जरा व्हिनेगर. पुढे ती माणसं फवारायला आली तेव्हा आई चपलांनिशी धावली होती, इथे मारू नका, शेजारणीला ते लागतं, तिला दिवस आहेत, म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. "आणि मग," मॉरीन म्हणाली, "दर वसंतात कुणीतरी आमच्या गुलाबांत ते पेरून जायचं. आई म्हणायची, ती इंडियन बाई आहे. तिच्याकडे शब्द नाहीत, म्हणून अशी थँक्यू म्हणते. आम्ही दर जूनमध्ये खायचो."

हॉल हसला, मायेनं. मला वाटलं खुर्चीसकट जमिनीत जावं.

उट्टं काढायचं म्हणून ज्या मुठी टाकल्या त्या त्या बाईनं चाळणीत धुऊन, लोणी लावून खाल्ल्या. याला काय म्हणायचं? अजून मला शब्द सापडलेला नाही.

माझं नाव पुकारलं. तीन मिनिटं. मी पिशवी खुर्चीवरच ठेवली. माईक माझ्या तोंडाला उंच झाला, तो लॅपटॉपवाला धावत येऊन खाली करून गेला. मी म्हटलं, "ती थँक्यू नव्हती, मॉरीन." आणि सगळं सांगितलं. नऊ महिन्यांचं माझं इंग्रजी, जाडी कोंबडी, पडद्याआडून बघणं, पाडव्याची मूठ. कुणी हसलं, मग हसणं थांबलं. मॉरीन माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही.

"चौदा नंबरला दार हवं," मी म्हटलं. "पूर्ण ओळीला दारं हवीत. आणि जे आपणहून उगवलंय त्याला कुणी हात लावायचा नाही. तुमची ती सतरंजी तुमच्या घरी अंथरा. एकदा फवारलंत, एकदा काँक्रीट ओतलंत, आता तिसऱ्यांदा नाही."

लॅपटॉपवाला गोड हसला. "दोन्ही कसं होईल? आपल्याला कुठेतरी बॅलन्स साधायला हवा."

"मग साधा ना. मधल्या गाड्या काढा."

"आणि गाड्या लावायच्या कुठे?"

मी काही बोलायच्या आत मागून मॉरीनचा आवाज आला. "हंबर नदीत, लव्ह."

हॉलभर हात वर झाले. त्या माणसाचं हसू तोंडावरून उतरलं ते मी नीट बघून घेतलं. असल्या गोष्टी या वयात सुद्धा फार गोड लागतात. प्लॅन बदलायचा ठरला. दारं चौदा नंबरपासून सुरू होणार, गाड्या गेल्या, रान राहिलं.

बाहेर पडलो तर ऊन अजून होतं. ईशा मॉरीनचा कोट धरून उभी. मला वाटलं आता ही मला मिठी मारणार, इथली माणसं मारतात. मी हात जरा पुढेसुद्धा केले.

मॉरीननं कोट घातला, एकेक बटण लावलं. म्हणाली, "सबंध उन्हाळा मी तुझ्या दाराशी दोरी घेऊन येत होते. तू कडी लावलीस. मी बाहेर उभी राहून तुझा श्वास ऐकायची." मग म्हणाली, "आईचं मला काही नाही, ती मजेत खायची. पण ते मी तुला माफ करणार नाही."

"नकोच करूस," मी म्हटलं.

ती बसस्टॉपकडे निघाली. मीही निघाले, बस एकच आहे. तिनं तोंड पलीकडे फिरवलं. मी मात्र तिच्याकडे बघत उभी राहिले. आता सूड तिच्या हक्काचा आहे, आणि तिला तो घ्यायचा झाला तर मी दोन गल्ल्या पलीकडेच राहते, घरीच असते.